काळ्या रानातले पायताण

अमेरिकन चित्रपटांतील काऊबॉयचे बूट सर्वांच्या परिचयाचे आहेत. पोटरीपर्यंत चढलेले चामडे, निमुळता चवडा, तिरकी उंच टाच. रोजच्या राबत्याला टिकाऊ आणि पायाला सुखाचे पादत्राण म्हणून आजही ते जगभर विकले जातात. गुरेमेंढरे राखत उन्हातान्हात मैलोन्मैल हिंडणारी माणसे सोलापूर जिल्ह्यातही शतकानुशतके आहेत. त्यांच्या पायांत मात्र असा बूट कधी आला नाही. का आला नाही, याचे उत्तर चामड्यात जेवढे आहे तेवढेच मातीत आहे, आणि त्याहून अधिक समाजात आहे. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे.

प्रथम काऊबॉयचा बूट समजून घेऊ. तो चालण्याचा जोडा नव्हे, बसण्याचा आहे. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि पुढील सुमारे वीस वर्षे टेक्सासमधील गुरांचे प्रचंड कळप कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेले जाऊ लागले. माणूस दिवसदिवस खोगिरावर असे. रिकिबीत अडकवलेला पाय पुढे सटकू नये म्हणून उंच टाच. काटेरी झुडपांतून घोडा गेला तर पोटरी सोलवटू नये म्हणून उंच नळी. आणि घोडा उधळून माणूस खाली पडलाच, तर पाय बुटातून सुटावा, फरफट होऊ नये, म्हणून नाडी नाही आणि नळी सैल. म्हणजे ज्याला आज ऐट समजतात तो प्रत्येक भाग मुळात घोड्यासाठी आहे. असा बूट घालून दोन कोस चालायची वेळ आली की काऊबॉयचे तोंड वाकडे होई.

घोडा सोलापूरला परका नव्हता. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजांत नावाजलेले होते. पण घोडा बारगिराचा आणि शिलेदाराचा. माळशिरस, सांगोला, मंगळवेढ्याच्या माळांवर मेंढरे राखणारा धनगर पायी चालतो. त्याच्याकडे तट्टू असलेच, तर ते बिऱ्हाड वाहण्यासाठी. त्याचे पादत्राण घोड्याच्या हिशेबाने घडणे शक्यच नव्हते. ते घडले मातीच्या हिशेबाने.

ही माती विलक्षण आहे. काळी, चिकण, कापसाची म्हणून ओळखली जाणारी. पावसाने ती फुगते, उन्हाने आक्रसते आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेही लहरी. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो तेव्हा जमीन तव्यासारखी तापते. वर बाभळीचे काटे, सराटे, तूर काढून झाल्यावर रानात उरलेली धसकटे. तुरीचे धसकट हे साधे प्रकरण नाही. तिरपा कापलेला वाळका बुडखा पायात घुसला, तर माणूस आठवडाभर घरी बसतो.

अशा जमिनीवर बंद बूट घालून पाहावा. तासाभरात पाय आत उकडतो, घामाने कातडी नरम पडते आणि फोड येतात. भेगांतून पडलेले खडे आत शिरले की प्रत्येक वेळी बूट काढून झाडायचा. वहाणेत शिरलेला खडा पाय झटकला की बाहेर. तेव्हा इथल्या शहाणपणाने पायाच्या खालच्या बाजूची सारी काळजी घेतली आणि वरची बाजू वाऱ्याला मोकळी सोडली. तळ जाड, थरावर थर दिलेला. वर फक्त अंगठा, पट्टा आणि दोन्ही अंगांचे कान. एवढ्यावर माणूस पंढरपूरहून सोलापूरला चालत येई.

ज्याला आज जग ‘कोल्हापुरी’ म्हणते, ती चप्पल याच कुळातली. २०१९ मध्ये तिच्या भौगोलिक मानांकनाची बातमी सर्वत्र झळकली. त्या मानांकनात कोल्हापूरखेरीज सांगली, सातारा आणि सोलापूर हे महाराष्ट्रातील, तर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे कर्नाटकातील जिल्हे आहेत. नाव एका शहराचे, कसब आठ जिल्ह्यांचे. यावरून समाजमाध्यमांवर दोन राज्यांची भांडणे होतात. पण सीमा आखली गेली १९५६ मध्ये, आणि वहाणेचा तळ त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडे एकाच पद्धतीने शिवला जात होता.

मात्र दुकानातली नाजूक, वेणी-गोंड्याची कोल्हापुरी आणि रानातली वहाण यांत फरक करायला हवा. रानातली वहाण दिसायला ओबडधोबड. तळाला म्हशीचे किंवा बैलाचे जाड कातडे, वरच्या पट्ट्याला त्याहून मऊ. तळाचे थर जोडताना खिळा वापरत नाहीत. कातड्याचीच बारीक वादी आरीने पाडलेल्या भोकांतून ओवतात. झिजणाऱ्या टाचेला पुढे लोखंडी नाल ठोकून घेत. नवी वहाण चालताना करकर वाजते. ही करकर हौशी माणसाला प्रिय असे, आणि अंधारात सरपटणाऱ्या जनावराला ती आधीच ऐकू जाते अशी त्यावरची लोकसमजूत. सापाला हवेतला आवाज फारसा जाणवत नाही. त्याला जमिनीचा हादरा कळतो. म्हणजे समजूत चुकीची असली, तरी जड पावलाने चालणे मात्र उपयोगाचेच.

वहाण पारखण्याचे एक शास्त्रच होते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीच्या सुमारास, किंवा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गेलेला जुना माणूस वहाण प्रथम हातात तोलून पाही. मग तळ दोन्ही हातांनी वाकवी. मुळीच न वाकणारा तळ कच्चा कमावलेला किंवा फार वाळलेला, तो पहिल्याच उन्हाळ्यात तडकणार. कागदासारखा वाकणारा तळ धसकटाला अडवणार नाही. नंतर वास. झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याला एक तुरट, मातकट वास असतो. कुजकट वास आला तर चुन्यातून काढलेले कातडे नीट धुतलेले नाही. मग वादीची वीण. टाके जवळजवळ आणि तळात बुडालेले हवेत, कारण वर आलेला टाका दगडाने पहिल्या महिन्यात झिजतो. शेवटी अंगठा. बाकी सारे ठीक असून अंगठ्याचे कडे चुकले, तर ती वहाण कामाची नाही. चालताना सगळा पाय तेवढ्या एका कड्याला धरून असतो.

माप घेण्यावरून होणारा संवादही ठरलेला.

“मामा, जरा सैल द्या की. बोटं आवळत्यात.”

“आज सैल न्याल आन् दिवाळीला पायातनं निसटंल. आवळच न्या, आठ दिवसांत कातडं तुमचा पाय शिकतंय.”

कातडे पाय ‘शिकते’ हे अक्षरशः खरे आहे. झाडाच्या सालीत कमावलेले कातडे घाम आणि उष्णतेने हळूहळू आकार घेते. महिनाभर वापरलेल्या वहाणेवर टाच, चवडा आणि पाचही बोटे यांचे ठसे उमटतात, आणि मग ती दुसऱ्याच्या पायात बसत नाही. तोवर मात्र पायाला फोड येतात. ते येऊ नयेत म्हणून नवी वहाण रात्रभर तेल पिऊ देत. बंद बुटाला हे फोड टळत नाहीत. ते फक्त टाचेच्या मागे, दिसत नाहीत अशा जागी येतात.

इथवर सारे सुखाचे वाटते. परंतु इतिहासाची आवड असलेल्याने यापुढे विचारायला हवे: हे कातडे येत होते कुठून?

गावात जनावर मेले की ते ओढून गावाबाहेर नेण्याचे काम महारांवर लादलेले. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे. कमावलेल्या कातड्याच्या वहाणा, विहिरीची मोट, आसूड, बैलांचे साज करण्याचे काम चर्मकाराकडे. मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगीला खळ्यावरून मिळेल तेवढे धान्य. ज्याच्या मोटेने शेतकऱ्याच्या मळ्याला पाणी मिळे, त्या मोटकऱ्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. या वाक्यावर थोडे थांबावे.

कमावण्याचे काम तर अंग मोडणारे. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, केस खरवडायचे, पुन:पुन्हा धुवायचे. मग त्याची पिशवी शिवून आत बाभळीची साल आणि हिरड्याचा कूट भरायचा, पाणी ओतायचे आणि ती पिशवी टांगून ठेवायची. तुरट रस कातड्याच्या रंध्रांतून झिरपतो, खाली गळतो; तोच पुन्हा वर ओतायचा. असे कित्येक दिवस. चुन्याने हात फाटतात, वास अंगातून जात नाही. वहाण वर्षानुवर्षे टिकते ती या हातांमुळे, आणि याच हातांना गावकुसाबाहेर ठेवलेले होते.

सोलापूरच्या भूमीला या प्रश्नाची एक फार जुनी आठवण आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणला शरणांचा मेळा जमवला; सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने उमरग्याच्या पुढे गेले की ते बसवकल्याण लागते. सोलापूरचे सिद्धरामेश्वर या मेळ्यातले अग्रणी. त्यात कातडे कमावणारे कक्कय्या होते आणि जोडे शिवणारे हरळय्या होते. सोलापुरातील ढोर समाज आजही कक्कय्यांना आपले मूळपुरुष मानतो.

हरळय्यांची कथा अशी सांगतात. बसवेश्वरांनी एकदा त्यांच्या नमस्काराला दुहेरी नमस्काराने उत्तर दिले. हा ऋणभार फेडायचा कसा, म्हणून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वत:च्या मांडीचे कातडे काढून त्याचे जोडे केले आणि बसवेश्वरांपुढे ठेवले. बसवेश्वरांनी ते पायात न घालता मस्तकी धरले. ही झाली श्रद्धेची कथा. पण तिच्या पुढचा भाग परंपरेने राजकीय घटना म्हणूनच जपला आहे. हरळय्यांचा मुलगा शीलवंत आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी लावण्या यांचा विवाह झाला. बिज्जल राजाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायी बांधून मारले. त्यानंतर कल्याणात बंडाळी माजली आणि शरण परागंदा झाले. जोडा शिवणाऱ्याच्या घरी झालेल्या एका लग्नाने राजधानी हादरली, ही गोष्ट दंतकथा म्हणून बाजूला सारता येण्याजोगी नाही.

मराठी भाषेने मात्र दुसरीच बाजू लक्षात ठेवली. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नाही, माणसांविषयी आहे. ‘जोड्यापाशी उभे न करणे’ हा वाक्प्रचारही तसाच. आणि याच भाषेच्या मुलखात दर आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरपूरला येतात, त्या पालख्यांत मूर्ती नसतात, पादुका असतात. लाखो माणसे त्यांवर डोके टेकवतात. वाटेत ठिकठिकाणी चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात आणि तीच आपली वारी समजतात. पूज्य पादुका आणि अपवित्र वहाण यांत फरक काय, असा प्रश्न कोणी विचारला तर परंपरेकडे त्याचे सरळ उत्तर नाही.

बूट या मुलखात आला तो साहेबाबरोबर, आणि आला तोच मानापमान घेऊन. १८५४ च्या ठरावाने सरकारी प्रसंगी युरोपीय धर्तीचे बूट-मोजे घातलेल्या हिंदी माणसाला ते पायात ठेवण्याची मुभा मिळाली. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो उंबऱ्याबाहेर काढायचा. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला आणि ते प्रकरण गाजले. नव्या शिकलेल्या पिढीने बुटाचा हव्यास धरला, त्यात साहेबी नक्कल होती हे खरे; पण बूट पायात असला तर कचेरीत अनवाणी उभे राहावे लागत नाही, हा व्यवहारही होता. पायाच्या सुखाचा त्यात विचारच नव्हता.

याच्या नेमके उलट एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. बॅरिस्टर गांधी तिथे चपला शिवायला शिकले आणि तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना दिला. ज्याने तुरुंगात टाकले त्यालाच. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठवला. ही गोष्ट गोड आहे, आणि म्हणूनच ती फार सांगितली जाते. बॅरिस्टराने चप्पल शिवली की तो आदर्श ठरतो. चर्मकाराच्या मुलाने शिवली की ती त्याची जात ठरते.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. त्या काळात गावोगावच्या महारांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले, आणि त्यासाठी मार व बहिष्कारही सोसला. वहाणेच्या साखळीतला पहिला दुवा तिथे तुटला. ‘गावातली जुनी कला लोपली’ असा गळा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले नसते. ती कला एका सक्तीवर उभी होती. सक्ती नाकारणाऱ्यांचे काही चुकले नाही.

बाकीचे दुवे अन्य कारणांनी निखळले. विहिरींवर इंजिने आणि मोटारी आल्या, मोट गेली, आणि मोटेबरोबर चर्मकाराचे गावातले सर्वांत मोठे काम गेले. रसायनात काही दिवसांत तयार होणारे क्रोम कातडे आले. पाठोपाठ रबर आणि प्लास्टिक. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नाही, तरी कातड्याचा बाजार आकसला आणि कारागिरांचा खर्च वाढला.

या सगळ्या पडझडीत रानात एक नवे पायताण उभे राहिले, त्याची दखल इतिहासाने घ्यायला हवी होती. टायरची चप्पल. बाद झालेल्या टायरचा तुकडा पायाच्या आकाराने कापायचा, वर त्याच रबराचे पट्टे खिळ्यांनी ठोकायचे. काटा आत येत नाही, चिखलाने कुजत नाही, आणि झिजायचे नावच घेत नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या, ऊसतोडीला निघालेल्यांच्या पायांत ती असे. व्हिएतनामच्या युद्धात तिकडच्या सैनिकांनी टायरच्याच चपला वापरल्या. मेक्सिकोतील शेतमजुरांच्या पायांतही टायरचे तळ लावलेल्या चपला दिसतात. गरिबांचे शहाणपण खंडोखंडी एकाच वस्तूपाशी पोचले. दिसायला ती कुरूप आहे, उन्हात तापते, पण टिकाऊपणाच्या एकाच निकषावर पाहिले तर तिला तोड नाही.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या पुरुषी पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला झळकल्या, आणि त्यांच्या भारतीय मुळाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून ओरड झाली, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. संताप योग्यच होता. त्याच आठवड्यात रानात मात्र वहाणा वापरातून गेलेल्या होत्या, कारण मृग निघाला होता.

मृगाचा पाऊस पडला की वहाण काढून ठेवायची, ही काळ्या रानाची रीत. ओल्या चिकण मातीत दर पावलाला ढेकूळभर चिखल तळाला चिकटतो, पाय मणाचा होतो. शिवाय कातडे भिजून फुगते आणि वादीची भोके फाटतात. म्हणून तेल लावून वहाण आढ्याला टांगायची आणि पेरणी, खुरपणी, कोळपणी अनवाणी उरकायची. नेमक्या याच महिन्यांत घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार बाहेर पडतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

म्हणजे ज्या एका कामासाठी काऊबॉयच्या बुटाची उंच नळी इथे खरोखर उपयोगी पडली असती, त्या कामाला आपली वहाण कधीच पुरी पडली नाही. आज त्यावर गमबूट सुचवतात. पाणी द्यायला जाणाऱ्याला तो ठीक आहे. पण खुरपणीला उकिडव्या बसलेल्या बाईच्या गुडघ्यामागे त्याची कड रुतते, आत पाणी शिरले की निघत नाही, आणि दुकानांत मापे बहुतेक पुरुषांची. उसाला रात्री पाणी देण्याची वेळ येते ती मुख्यतः कृषिपंपांना रात्रपाळीची वीज मिळते म्हणून. दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली. ज्या शिवारात ती पोचली, तिथे शेतकऱ्याला अंधारात बांधावरून चालावे लागत नाही. जिथे पोचलेली नाही, तिथे माणसे अजून एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, पाय आपटत जातात.